पिठाचे हात

“घर इतकं सुंदर केलं, तरी आई स्वयंपाकघरातच का झोपते, ते सांगा महाराज!”

उदयन तांबवेकर तावातावानं बोलत होता. कराडबाहेर, कोयनेकाठच्या मठीत चैतन्यगिरी महाराज ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मूठभर दाणे उदयनपुढे केले. त्यानं घेतले नाहीत.

वर्षभर खपून त्यानं राहतं घर आतून पालटलं होतं. हॉलच्या फरशीत तोंड पाहून घ्यावं, भिंतींना गर्द निळा कागद, आईच्या खोलीत कोरीव पलंग. एका मासिकात फोटोही छापून आले. आणि आई त्या पलंगावर जेमतेम चार रात्री झोपली. पाचव्या दिवशी तिनं आपली गादी उचलून स्वयंपाकघरात नेली. विचारलं तर म्हणायची, “तिथं बरं वाटतं रे.”

स्वयंपाकघराचं काम अजून व्हायचं होतं. तिथं जुनी, खडबडीत शहाबादी फरशी तशीच होती.

“येणारा जाणारा कौतुक करतो आणि घरचं माणूस चुलीपाशी झोपतं. मला कसं वाटत असेल? ती तुम्हाला मानते. जरा समजवा तिला.”

“तू सजावटीचं काम करतोस ना?”

उदयनला ते लागलं. “सजावट नाही महाराज. मी डेकोरेटर नव्हे, डिझायनर आहे.”

“फरक काय?”

हे सांगायला त्याला नेहमीच आवडे. तो सावरून बसला.

“डेकोरेटर आहे ते घर नटवतो. पडदे, रंग, झुंबरं. डिझायनरचं काम त्याच्या आधीचं. घरात राहणारा माणूस उठतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे बघून तो घराची आतली मांडणी ठरवतो.”

“वा!” महाराज मनापासून खूश झाले. “छान सांगितलंस. मग तुझी आई चालते कशी?”

“कशी म्हणजे… सगळे चालतात तशी.”

महाराजांनी टरफलं झटकली आणि ते उठले.

“भूक लागली. चल, आज तुझ्याकडेच जेवतो.”

महाराजांना दारात बघून उदयनच्या आईला, शरयूबाईंना, काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी लगबगीनं परात घेतली, ज्वारीचं पीठ मळलं, तवा ठेवला. उदयननं महाराजांना हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं आणि तो भिंतीवरच्या कागदाबद्दल सांगू लागला. महाराज मान डोलवत होते. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

चार भाकऱ्या झाल्यावर तो आवाज थांबला. महाराजांनी हाक मारली.

“शरयूबाई, जरा खिडकीपाशी या बघू. नदी दिसते का इथून?”

“आले हं. हात पिठाचे आहेत, धुऊन येते.”

“राहू द्या. तशाच या.”

शरयूबाई आल्या. हॉलमधून सरळ आल्या असत्या तर पाच-सहा पावलं. त्या भिंतीच्या कडेनं वळसा घालून आल्या, एक तळवा भिंतीवर टेकत टेकत.

“आई! अगं, कागद!” उदयन ओरडला.

“अगंबाई…” त्यांनी हात मागे घेतला, जागच्या जागी थबकल्या, आणि पुढचं पाऊल टाकायच्या आत हात पुन्हा भिंतीवर गेला.

“दिसते हो नदी,” खिडकीशी पोचून त्या म्हणाल्या. “बरेच दिवसांनी बघितली.”

“आता तुमची खोली दाखवा.”

त्या खोलीकडे गेल्या. तशाच कडेकडेनं. मग परत स्वयंपाकघरात, तव्यावर लक्ष द्यायला.

उदयन ओलं फडकं घेऊन धावला. महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

“पुसू नकोस. आधी वाच.”

“काय वाचू?”

महाराजांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

गर्द निळ्या कागदावर पिठाचे पांढरे पंजे उमटले होते. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून खोलीपर्यंत. एकेका पावलावर एक. कोपऱ्यात भिंत वळत होती, तिथं दोन, अगदी जवळजवळ.

उदयन पंजे बघत बघत चालू लागला. मधेच थांबला. त्यानं पायांतल्या रबरी सपाता काढल्या आणि अनवाणी पाऊल त्या चकचकीत फरशीवर घासून पाहिलं… पाऊल सर्रकन पुढे गेलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

“आई, तू घसरतेस?”

“छे रे! पडले कुठं अजून?” त्या भाकरी उलटत म्हणाल्या. “छानच झालाय हॉल. लोक फोटो काढतात. मी आपली कडेनं जाते एवढंच. रात्री उठायला लागलं तर इथून मोरी जवळ पडते, म्हणून…”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू किती आनंदात होतास…”

उदयननं मागे वळून पंज्यांनी भरलेल्या भिंतीकडे बघितलं. मग त्याला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळेही भरून आले. शरयूबाईंना आधी कळेना. मग हॉलच्या भिंतीकडे बघून त्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “मेलं, भुतं नाचून गेल्यासारखं दिसतंय!”

तिघं स्वयंपाकघरात, जुन्या फरशीवर मांडी घालून जेवायला बसली. भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. उदयननं दोनच घास खाल्ले आणि खिशातून पेन्सिल काढली. शेजारी वर्तमानपत्र होतं, त्याच्या कोऱ्या कडेवर त्यानं घराचा चौकोन काढला.

“महाराज, सांगा. कुठून सुरुवात करू? फरशी काढू आधी? की आईची खोलीच इकडे मोरीजवळ आणू?”

महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला.

“मला काय विचारतोस? मी पाहुणा.”