साखळी जिथे संपेल

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि माणसं मात्र कुणाचंच ऐकत नसत, भूपालसेन नावाचा राजा होता. त्याच्या घंटामनोऱ्यावर सोन्याचा कळस होता आणि कळसापासून निघून घंटेला जोडलेली एक लोखंडी साखळी खाली लोंबत होती. आभाळ गरजलं की एकाने साखळी ओढून घंटा वाजवायची, म्हणजे वीज घाबरून पळते, असा तिथला रिवाज. पळते कसली, कप्पाळ! सात वर्षांत सात माणसं साखळी धरल्या जागी गतप्राण झाली.

कळस बसवला त्या दिवशी एक मांत्रिक भर दरबारात ओरडला होता, "राजा, ही साखळी ज्याच्या हातात संपेल, त्याचा जीव जाईल!" राजाने त्याला हद्दपार केलं. तेव्हापासून सगळे म्हणत, हा त्याचाच शाप.

सातवा गेला तो गोजरा तांबटिणीचा नवरा. आठवी पाळी तिच्या भावाची, दौलाची आली. गोजरा तडक नदीच्या वाळूत राहणाऱ्या म्हाताऱ्या टिटवीकडे गेली.

"शाप कसा सुटेल?"

"तीन कामं कर. आधी हा काचेचा गोळा रेशमावर घास."

गोजराने घासला. हात जवळ नेला तर हातावरची लव ताठ उभी! बोट लावलं तर चट्‌कन ठिणगी!

"अगं बाई!"

"ढगात हेच चालतं," टिटवी म्हणाली. "हिमाचे कण गारांवर आदळतात, विजेचा भार साठतो. मावेनासा झाला की उडी घेतो. घंटेला भ्यायला त्याला कान आहेत का? आता तो डोंगर बघ. चमकलं की मोज."

चमकलं. गोजराने सावकाश सत्तावीस मोजले, तेव्हा कुठे गडगडाट आला.

"उजेड लगेच पोचतो, आवाज रेंगाळतो. नऊ मोजेपर्यंत तो एक कोस चालतो. म्हणजे वीज तीन कोसांवर आहे. पण आवाज ऐकू आला, म्हणजे तू तिच्या टप्प्यात आहेस. इथे उकर आणि पळ!"

गोजराने उकरलं. वाळूतून काचेची नळी निघाली, मुळ्यासारखी खाली निमुळती होत गेलेली.

"गेल्या साली इथे वीज पडली. वाळू वितळून काच झाली. वीज कुठे निघाली होती, सांग."

गोजराने नळीवरून बोट फिरवलं. दगडाएवढी टणक वाळू वितळते, तिथे माणसाचं काय! मग ती पुटपुटली, "मातीत."

ती धावत सुटली. दुकानातली तांब्याची लांब पट्टी तिने साखळीला पक्की जोडली आणि दुसरं टोक विहिरीजवळच्या ओल्या मातीत खोल पुरलं. तोवर दौलाला आणि लोकांना घेऊन राजा आला.

"रिवाज मोडतेस? दौला, साखळी धर!"

"खबरदार, दौला!" गोजराने भावाला मागे खेचलं. "महाराज, मांत्रिकाचा शब्द आठवा. हातात संपेल, म्हणाला होता. आता ती मातीत संपते. सगळे वाड्यात चला!"

उंबरठा ओलांडला न ओलांडला तोच कानठळ्या बसल्या. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मनोऱ्यावर घंटा आपोआप घणघणली, कुणाचाही हात नसताना! लोक थिजून उभे राहिले. दौला आपले दोन्ही हात पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून बघत होता.

"शाप तुटला!" राजा ओरडला.

"शाप कुठला, महाराज? मांत्रिक सांगत होता. आपण ऐकलं नाही."

"सात माणसं," राजा म्हणाला. "नावं काय त्यांची?" त्याला एकही ठाऊक नव्हतं. गोजराने सहा नावं सांगितली. सातवं, नवऱ्याचं, तिने दौलाचा हात धरून सांगितलं.

मांत्रिकाला मानाने परत आणलं. आता त्या राज्यात गडगडाट ऐकला की माणसं झाडाखाली थांबत नाहीत, साखळीजवळ फिरकत नाहीत, घरात जातात. शेवटच्या गडगडाटानंतर दोन घटका सरल्या की दौला सात टोले देतो, म्हणजे बाहेर यायला हरकत नाही. सातव्या टोल्याला गोजरा हातातला हातोडा खाली ठेवते. टोला विरला की पुन्हा उचलते.