आश्विनातली शेगडी

“...आणि तेल?”

“तेल बंद केलंय, गुरुजी.”

“तूप?”

“कडू औषधांत सिद्ध केलेलं. तेवढंच.”

चिंतामण वैद्य ताठ बसून उत्तरं देत होता. साताऱ्यात त्याचं नाव होतं. ऋतू पालटला की काय खावं, काय सोडावं, केव्हा उठावं, केव्हा निजावं, हे तो सांगेल तसं अख्ख्या पेठेत चाले. पण त्याची स्वतःची आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. अखेर तिला बैलगाडीत घालून तो कृष्णाकाठच्या मठीत आला होता. दाजीबुवांकडे. वैद्यकीचं पहिलं अक्षर त्याने त्यांच्यापाशी गिरवलं होतं.

बाहेर आश्विनातलं ऊन रणरणत होतं. पडवीत द्वारकाबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. लुगड्याचा पदर अंगाभोवती घट्ट लपेटलेला.

“मूग, पडवळ, आवळा,” चिंतामण पुढे म्हणाला. “दही नाही, आंबट नाही, दुपारची झोप नाही. संध्याकाळी अंगणात चांदण्यात बसवतो. शरदात पित्त उसळतं, ते शांत राहावं म्हणून. यात कुठे चुकलो असेन तर दाखवा.”

“कुठे चुकला नाहीस.”

चिंतामणला बरं वाटलं. आणि पाठोपाठ भीती वाटली. काहीच चुकलं नसेल, तर आई हातची का चालली आहे...

दाजीबुवा उठले. नाडी पाहतील म्हणून चिंतामणने आईचा हात पुढे केला. बुवांनी तो घेतला नाही. ते तिच्या पायाशी बसले आणि तिचे दोन्ही पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले.

चिंतामण दचकला. सारा गाव ज्यांच्या पायांवर डोकं ठेवायचा, ते बुवा...

“काय होतंय, बाई?”

“थंडी वाजते, बुवा.”

“केव्हापासून?”

“पाऊस उघडला तेव्हापासून. ह्याला सांगितलं मी. हा म्हणतो, शरदात थंडी वाजत नसते.”

बुवा हसले नाहीत. चिंतामणकडे न बघता म्हणाले,

“शेगडी पेटव.”

“या उन्हात?”

...

चिंतामणने शेगडी पेटवून आणली. बुवांनी तिळाचं तेल कोमट केलं आणि द्वारकाबाईंच्या तळव्यांना चोळू लागले. सावकाश, घाई नसल्यासारखं.

पडवीत धग मावेना. चिंतामणच्या कपाळावरून घाम निथळू लागला, अंगरखा पाठीला चिकटला. त्याच्यापासून हातभर अंतरावर आईने मात्र पाय निखाऱ्यांच्या आणखी जवळ नेले. मग पदर सैल सोडला. मग तिचं कुडकुडणं थांबलं.

चिंतामण बघत राहिला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, इतका उकाडा. आणि इथे, त्याच शेगडीपाशी, आई पौषातल्या पहाटेसारखी शेकत होती. त्याच्या अंगावर काटा आला.

“हात लाव,” बुवा म्हणाले.

त्याने दुसऱ्या पायाला हात लावला. अजून तेल न लागलेल्या.

रोज सकाळी तो या पायांना हात लावून नमस्कार करायचा. ते एवढे गार आहेत, हे त्याला आज कळलं.

“काय खावंसं वाटतं, बाई?”

द्वारकाबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाजरीची भाकरी. तीळ लावून... वर तूप.”

बाजरी उष्ण. तीळ उष्ण. चिंतामणचं तोंड उघडलं.

“ऐकलंस ना?” बुवा म्हणाले. “आत पीठ आहे.”

साताऱ्याच्या वैद्याने जन्मात भाकरी थापली नव्हती. पहिली काठवटीतच मोडली. दुसरी तव्यावर पडली, वाकडीतिकडी, एका कडेला करपलेली. तीच त्याने आणली, तूप घालून मऊ कुस्करली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

द्वारकाबाईंनी पहिला घास घेतला. थोडं थांबल्या. दुसरा घेतला. त्यांच्या ओठांना तूप लागलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

चिंतामणने पिठाचे हात अंगरख्याला पुसले.

“गुरुजी... मग मी जो शिकलो, तो शरद कोणाचा होता?”

दाजीबुवांनी हात वर केला.

“हळू बोल. ती जेवते आहे.”