तिसऱ्या बेसवरची हरकत

एकदा एक क्रीडाशिक्षिका भर सामन्यात पंचाच्या अंगावर धावून गेली. हातातली टोपी तिने मुरुमावर आपटली आणि शे-दीडशे मुलींसमोर, त्यांच्या आईवडिलांसमोर ती कडाडली, "नियम येतात का तुम्हाला? येत नसतील तर घरी बसा! कुणी पाठवलं तुम्हाला इथे?" समोरचा पंच जेमतेम बावीस वर्षांचा. त्याचं तोंड एवढंसं झालं.

आता कुणी म्हणेल, बाईंचंच चुकलं असणार. मुळीच नाही! पुस्तकाप्रमाणे बाई शंभर टक्के बरोबर होत्या. म्हणून तर ही गोष्ट सांगायची. चुकलेला माणूस चिडला तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? बरोबर असलेला माणूस चिडतो तेव्हा त्याला आवरायला कुणी नसतं, तो स्वतःही नसतो.

बाईंचं नाव वृषाली. तालुक्याच्या गावातल्या एका मुलींच्या शाळेचा सॉफ्टबॉल संघ तिने सहा वर्षं खपून उभा केला होता. त्या दिवशी सतरा वर्षांखालील मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिंकेल तो संघ विभागीय स्पर्धेला जाणार, आणि या शाळेचा संघ आजवर कधी जिल्ह्याच्या पुढे गेला नव्हता. शेवटचा, सातवा डाव. समोरच्यांची पाळी आटोपलेली, गुण पाच-पाच. वृषालीच्या मुली फलंदाजीला, त्यांची एक खेळाडू बाद झालेली, आणि तिसऱ्या बेसवर दामिनी उभी. दामिनी म्हणजे संघातली सगळ्यांत चपळ पोर. ती होमप्लेटला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, पोचली की एक गुण आणि सामना खिशात.

फलंदाज मुलीने चेंडू उंच उडवला. दूर डावीकडे उभ्या असलेल्या मुलीने तो झेलला. अशा वेळी सॉफ्टबॉलचा नियम साधा आहे: चेंडू झेलणारीच्या हाताला लागेपर्यंत धावणारीने बेसवर पाय ठेवून थांबायचं, मग पळायचं. दामिनीची नजर पुढे होमप्लेटवर होती. मागे चेंडू कुठे आहे ते बघायचं काम बाईंचं. त्यासाठीच वृषाली बेसजवळच्या फक्कीने आखलेल्या चौकटीत उभी होती. दोघींचं ठरलेलंच होतं, बाई "जा!" म्हणाल्या की जायचं, वळून बघायचं नाही. बाई ओरडल्या, "जा!" दामिनी सुटली ती घसरत, धूळ उडवत थेट होमप्लेटवर. मुली नाचायला लागल्या. आणि पंचाने मूठ वर केली, "आऊट! झेलाच्या आधी बेस सोडला!"

टोपी आपटली गेली ती इथे.

वृषालीचं म्हणणं असं, की धावणारीने बेस आधी सोडला असं पंचाला दिसलं तरी त्याने आपणहून बोलायचं नसतं. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने "अपील" म्हणून दाद मागायची, मग पंचाने निर्णय द्यायचा. अपील नाही तर आऊट नाही. आणि समोरच्या संघातून चकार शब्द निघाला नव्हता. नियम अगदी असाच आहे. पोरगेला पंच घाईत बोलून बसला होता.

मग काय विचारता! तारेच्या कुंपणाबाहेरच्या आईबापांना तेवढंच हवं होतं. कुणी पंचाची शाळा काढली, कुणी खानदान. ज्यांना बेस किती असतात तेही सांगता येणार नाही, ते गळ्याच्या शिरा ताणून निवाडे देत होते. एक गृहस्थ तर कुंपणावर चढले. आपल्या लेकीचा खेळ आहे, तिला तो खेळू द्यावा, ही साधी गोष्ट या शहाण्यांना कोण शिकवणार? त्या गदारोळात दामिनी गुडघ्याचा मुरूम झटकत आली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिची मान खाली होती.

"मान वर कर!" वृषाली तिच्यावरही खेकसली. "तू आऊट नाहीयेस! कळलं?"

दामिनीने नुसती मान हलवली.

मंडपात टेबलामागे अहिरराव सर बसले होते. स्पर्धेतल्या हरकतींचा निवाडा त्यांच्याकडे असे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. वृषाली शाळेत असताना तिच्या हातात पहिला ग्लव्ह त्यांनीच दिला होता, आणि नियमांचं पुस्तकही त्यांनीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. वृषालीने चार ओळींची लेखी हरकत त्यांच्यापुढे ठेवली. 

सरांनी भिंग काढून कागद शांतपणे वाचला. पंचाला बोलावून एकच प्रश्न विचारला, "अपील झालं होतं?"

"नाही सर."

"मग हरकत मान्य. आऊट मागे घ्या. मुलगी होमप्लेटला पोचली, गुण धरा."

मंडपाबाहेर एकच जल्लोष उसळला. सहा-पाच! वृषालीने डोळे मिटले. सहा वर्षं उन्हात करपलेलं अंग एका क्षणात निवल्यासारखं तिला वाटलं.

"थांब," सर म्हणाले. "टोपी घाल. एक काम राहिलंय."

"काय सर?"

"आऊट आधीच मिळालं होतं, म्हणून समोरच्या मुलींनी दाद मागितली नाही. आता आऊट राहिलं नाही. म्हणजे दाद मागण्याचा त्यांचा हक्क आता सुरू झाला. पण त्यांच्यासोबत आलेल्या पिंगळे बाई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत. त्यांचे क्रीडाशिक्षक आजारी पडले, म्हणून शाळेने यांना धाडलं. अपील कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. या मैदानावर तो नियम तुझ्याइतका चोख कुणालाच येत नाही. जा, त्यांना समजावून सांग."

वृषालीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या मस्तकाची शीर उडायला लागली. "मी? मी सांगू त्यांना? माझ्याच मुलींना हरवायला?"

"नियम सांगायला."

"तुम्ही सांगा की! नाहीतर पंच सांगतील!"

"पंचांचं तोंड नियमाने बांधलंय, हे तूच आत्ता लिहून दिलंस, आणि निवाडा देणाऱ्याला बाजू घेता येत नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी भिंग खोक्यात ठेवलं.

ती निघाली, पण पाय आपटत. काय हा म्हातारपणचा चळ! जिंकून दिलं आणि त्याच हाताने काढूनही घेतो म्हणतो! रस्ताभर ती मनात सरांशी भांडत होती. समोरच्या मुली घोळका करून उभ्या होत्या, काही रडत होत्या. पिंगळे बाई बिचाऱ्या पदराने घाम पुसत होत्या.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही कळतच नाहीये बघा."

वृषालीने भराभर नियम म्हणून टाकला, मुद्दामच भराभर. कलम, पोटकलम, सगळं. ऐकणाऱ्यांच्या डोक्यावरून जावं, असाच तो म्हटला होता. पण त्या संघाची बुटकी कर्णधार भलती चिवट निघाली.

"मॅडम, परत सांगा ना. हळू. आमच्या सरांनी हे शिकवलंच नाही."

असं कुणी म्हटलं की शिक्षकाच्या जातीला राहवत नाही. वृषालीने बुटाच्या टोकाने मुरुमावर बेस काढला. दामिनीला हाक मारून त्याच्यावर उभं केलं. जिने झेल घेतला होता त्याच मुलीला समोर उभं केलं आणि चेंडू वर उडवला. "हे बघ. झेल आधी. पाय नंतर." दामिनी बरोबर थांबली, बरोबर निघाली. "पाय आधी निघाला असं तुम्हाला दिसलं, तर पंचांकडे जाऊन अपील म्हणायचं. मग ते सांगतील."

कर्णधार त्या मुरुमावरच्या बेसकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून सरळ विचारलं, "मग मघाशी पाय आधी निघाला होता का, मॅडम? पंच आधी आऊट म्हणाले, मग नाही म्हणाले. आम्ही चेंडूकडे बघत होतो. तुम्ही तिथंच उभ्या होतात."

दामिनी बुटांच्या टोकांकडे बघत होती.

वृषालीच्या ओठांवर उत्तर तयार होतं, की ते सांगणं माझं काम नाही. तेही नियमाला धरूनच झालं असतं. पण दामिनीची ती खाली गेलेली मान तिला दिसली. मघापासून ती तशीच होती. आणि आपण तिच्यावर खेकसलो होतो, मान वर कर म्हणून.

"हो," ती म्हणाली. "आधी निघाला. चूक तिची नाही. मी आधी ओरडले."

कर्णधार पळत पंचाकडे गेली. अपील झालं. पंचाने मूठ वर केली, या वेळी जरा भीतभीतच. तीन जणी बाद झाल्याने डाव संपला, पुन्हा पाच-पाच. कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, या बाईंना वेड लागलंय!" बरोबरी सुटावी म्हणून खेळवलेल्या आठव्या डावात पिंगळे बाईंच्या मुलींनी एक गुण काढला आणि वृषालीच्या मुलींना तो काही फेडता आला नाही. विभागीय स्पर्धेला दुसरीच शाळा गेली.

मैदान रिकामं झाल्यावर ती मंडपात आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, राग मात्र जागच्या जागी होता. "तुम्ही पाहिलं होतंत ना सर? तिने बेस आधी सोडला ते? मग सरळ मला तोंडावर सांगायचं होतं! हे नाटक कशाला?"

"मला इथून काय दिसतंय, पोरी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिसरा बेस तर सोडच, पंच कुठे उभा आहे तेही मी आवाजावरून ओळखतो."

"मग?"

सर म्हणाले, "तू खरी असशील असंच मी धरून चाललो होतो. खरी असतीस तर त्यांना नियम समजावताना तुला काहीच जड गेलं नसतं. त्यांनी विचारलं असतं तर पाय बेसवरच होता असं तू छातीठोक सांगितलं असतंस, त्यांनी अपील केलं नसतं, तुझा गुण कायम राहिला असता. या नियमात पंचाला गप्प बसवलंय ते खेळणाऱ्यांनी आपणहून बोलावं म्हणून. तू त्या गप्प बसण्याचा आडोसा केलास. जो नियम समोरच्याला समजावून सांगताना आपली जीभ अडते, तो आपल्या बाजूचा असला तरी आपण त्याच्या बाजूचे नसतो."

वृषाली मंडपातून निघाली. बाहेर सगळ्या मुली गाडीत चढल्या होत्या. दामिनी तेवढी बॅटांच्या पिशवीवर बसून बाईंची वाट बघत होती. वृषाली तिच्या शेजारी टेकली.

"माझं चुकलं गं. मी आधी ओरडले."

"माहीत होतं मॅडम."

"तुला? तुझी पाठ होती ना चेंडूकडे?"

"पंचांनी आऊट दिल्यावर तुमचं तोंड बघितलं ना मी. तेव्हाच कळलं," दामिनी म्हणाली. "पण मी बोलले असते तर एवढ्या लोकांत तुम्ही खोट्या पडला असता. म्हणून गप्प बसले."

वृषालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.  मग ती उठली, टोपीवरचा मुरूम झटकला आणि "गाडी थांबव जरा" असं दामिनीला सांगून त्या पोरगेल्या पंचाला शोधायला गेली.