धवला आणि औषधाचं कुंड

यंत्रांच्या गडगडाटातही धागे एकमेकांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका कारखान्यात पांढरे धागे भट्टीत भाजून त्यांचे काळे, पोलादाहून बळकट कार्बनचे धागे करत. तिथे धवला आणि मोगरी या दोन पांढऱ्याशुभ्र बहिणी आल्या. भट्टीच्या अलीकडे औषधी पाण्याचं कुंड होतं.

"आधी माझ्यात बुडा, नाहीतर आगीत वितळाल," कुंड म्हणालं.

धवला भीत भीत उतरली. औषध अंगभर झोंबलं, रंग तपकिरी झाला. तरी तिने हाक दिली, "ये गं मोगरी, काहीच होत नाही!"

मोगरीने तिचं डागाळलेलं अंग पाहिलं. "खोटं बोलतेस तू," ती म्हणाली आणि कुंडावरून कोरडीच पुढे गेली. भट्टीच्या तोंडाशीच ती वितळली. धवला काळीभोर आणि कणखर होऊन बाहेर आली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, पण तिला ते गोड लागेना.

पुढे नमुना म्हणून तिला कुंडाजवळच ठेवलं. एकदा एक कोवळा पांढरा धागा तिला पाहून थबकला.

"ताई, कुंडात दुखतं का गं?"

धवलाला मोगरीला दिलेली हाक आठवली.

"दुखतं. रंग जातो, तो परत येत नाही. पण माझी बहीण कोरडी गेली, ती आगीतून आलीच नाही."

धागा कुंडाच्या काठाशी सरकला. मग म्हणाला, "मी उतरतो. तू बोलत राहशील?"

तो बुडून पार पलीकडे निघेपर्यंत धवला बोलत राहिली.