चाळीस विती काठ

पूर्वी कुमुदवती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या मोजणीदारांच्या कुळात जन्मला होता. नाव सुदंत. त्याच्या आजोबांची दोरी बापाकडे आली, बापाची त्याच्याकडे. शेताभोवती दोरी फिरवायची. दोन शेतांना सारखी दोरी लागली, की शेते सारखी. तीन पिढ्या याच रीतीने जमिनी वाटल्या गेल्या होत्या.

त्या वर्षी महापुराने दोन वस्त्या वाहून गेल्या. राजाने त्यांना नवी जमीन द्यायची ठरवली. सुदंताने दोन्ही शेतांभोवती चारशे हातांची दोरी फिरवली आणि खुंट्या ठोकल्या. प्रधान कालसेनाच्या नातलगांना चौरस तुकडा मिळाला, नदीकाठच्या चटया विणणाऱ्यांना लांबट पट्टी. आता राजाने स्वतः नांगर धरून सीमेची रेघ ओढली, की वाटप कायमचे. मग ते मोडायचा अधिकार राजालाही नव्हता.

रेघ ओढण्याच्या दिवशी सकाळीच तिस्सा नावाची चटईवाली सुदंताच्या दारात आली. तिच्या खांद्यावर दोन गुंडाळ्या होत्या.

"दादा, ही चौरस चटई प्रधानांच्या नातलगांच्या तुकड्यासारखी, ही लांब आमच्या पट्टीसारखी. दोन्हींच्या कडेला मी चाळीस विती काठ शिवलाय. मोजून घ्या."

सुदंताने मोजले. "बरोबर आहे. मग?"

"मग आतली घरं मोजा."

लव्हाळ्याच्या त्या चटयांत एकेक वितीची तांबडी-पांढरी घरे विणलेली होती. चौरस चटईत ती शंभर भरली. लांब चटईत फक्त छत्तीस. सुदंताने पुन्हा मोजले. तेवढीच.

"चाळीस घरची माणसं आहेत आमची," तिस्सा म्हणाली. "त्या पट्टीत झोपड्या उभ्या केल्या तर पेरायचं कुठं?"

राज्याचा कायदा त्याला तोंडपाठ होता: जो खोटे माप देईल, त्याचा दोरी धरणारा हात तोडावा. आणि हे एकच शेत थोडेच होते? नदीपासून डोंगरापर्यंत त्याने किती जमिनी अशाच मोजल्या होत्या! गप्प बसले तर दुपारपर्यंत रेघ पडेल. नंतर कोणी विचारणारही नाही.

तेवढ्यात शंख वाजला.

सुदंताने चटया बगलेत मारल्या आणि तो धावत सुटला. मैदानात पोचला तेव्हा राजाने नांगराची मूठ धरली होती, बैल पुढे सरकत होते. सुदंत थेट बैलांसमोर जाऊन उभा राहिला. बैल बुजले, नांगर वाकडा झाला.

"वेड लागलं का तुला?" कालसेन ओरडला. मग जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "मागे हो. हात प्यारा नाही का?"

"महाराज, रेघ ओढू नका. माप चुकलं आहे."

"दोरी खोटी आहे?" राजाने विचारले.

"दोरी खरी आहे. माझं मोजणं खोटं आहे. दोरी शेताची कड सांगते, आतली जागा सांगत नाही." त्याने चटया अंथरल्या.

मागून आलेल्या तिस्सेला पाहून कालसेन हसला. "आता चटया विणणारी राजाला मोजणी शिकवणार!"

"राजालाही बसायला चटईच लागते, प्रधानजी," ती म्हणाली.

राजा खाली बसला. बोटाने एकेक घर मोजू लागला. शंभर झाली. मग छत्तीस. राजा उठला तेव्हा त्याचा चेहरा कठोर होता.

"कायदा माहीत आहे ना?"

सुदंताने उजवा हात नांगराच्या फाळावर ठेवला.



"हा हात तोडला तर त्याचं काम संपेल," राजा म्हणाला. "एवढ्यावर तू सुटणार नाहीस. तुझ्या आजोबांपासूनचं एकेक शेत याच हाताने पुन्हा मोज. लांबी घे, रुंदी घे, एकीला दुसरीने गुण. आणि प्रत्येक बांधावर उभा राहून सांग, की आम्ही चुकलो होतो."

दोन्ही तुकड्यांची मिळून एकशे छत्तीस घरे भरत होती. प्रत्येक वस्तीला अडुसष्ट घरांइतकी जमीन मिळाली. मगच रेघ ओढली गेली. सुदंत दोरी खांद्यावर टाकून पहिल्या बांधाकडे निघाला. ते काम त्याला मरेपर्यंत पुरले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षूकडे वळले. आपल्या शिष्यांना सूत्राचा चुकीचा अर्थ आपणच शिकवला, हे कळूनही तो गप्प बसला होता. "तेव्हाचा कालसेन तू होतास. राजा म्हणजे तुझे हे वृद्ध आचार्य. तिस्सा म्हणजे तुझी चूक दाखवणारी ती भिक्षुणी. आणि तो मोजणीदार मी. स्वतःची चूक भर मैदानात अंथरणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ती."

भिक्षू उठला आणि आपल्या शिष्यांना शोधायला गेला.