तीन ओळींची दुरुस्ती

"सर, जे मी दिलं, ते मला परत घेता येतं की नाही, एवढंच सांगा."

बुवांनी मान वर केली नाही. ते पातेल्यातल्या दुधात करंगळी बुडवून पाहत होते.

टेकडीवरच्या त्या मठात सगळे त्यांना दामोदरबुवा म्हणत. 'सर' म्हणणारा एकटा निनाद रेगुंडवार. पंचवीस वर्षांपूर्वी बुवा तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवत, तेव्हा निनाद पहिल्या बाकावर बसून त्यांच्याच चुका काढायचा. त्या सवयीचा त्याला अजून अभिमान होता.

"काय दिलंस?" बुवांनी विचारलं.

"अठरा वर्षं दिली!"

ते काही खोटं नव्हतं. जगभरच्या हजारो माणसांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली होती. तिचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा. त्या सिस्टिमच्या पायातला एक दगड निनादचा होता. कॉम्प्युटरनं प्रिंटरशी बोलायचं कसं, ते ठरवणारा भाग. नोकरी सांभाळून, सुट्ट्या मोडून त्यानं तो जपला. त्यात बाहेरच्या कोणाची दुरुस्ती घ्यायची की नाही, हेही त्याच्याच हातात होतं.

"आणि आता ती कंपनी..." निनाद तिचं नावसुद्धा घेत नसे. "जिची विकतची सिस्टिम घराघरातल्या कॉम्प्युटरवर बसलीय, ती. म्हणे पुढची आवृत्ती आमच्या पायावर उभी करणार. खाली आमचं, वर त्यांची रंगरंगोटी आणि पुन्हा किंमत लावून बाजारात! याच कंपनीचा साहेब भर सभेत आमच्या कामाला भिकाऱ्यांची झोळी म्हणाला होता. आता त्याच झोळीत हात घालताना लाज नाही वाटत?"

"ठरलं का त्यांचं?"

"तशी चर्चा आहे."

"म्हणजे ठरलेलं नाही."

"मग ठरेपर्यंत मी काय आरती ओवाळत बसू?"

बुवा हसले नाहीत. त्यांनी करंगळी पंच्याला पुसली आणि पातेलं जरा वाऱ्याला सरकवलं.

"मी राजीनामा लिहून आणलाय," निनाद म्हणाला. "माझा भाग मी सोडतो. पुढचं एक अक्षर उघडं ठेवणार नाही. माझ्याशिवाय तो कोणाला कळतही नाही. बसा म्हणावं बोंबलत. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलोय."

आशीर्वाद कसला! त्याला फक्त 'बरोबर केलंस' एवढं ऐकायचं होतं, आणि तेवढ्यासाठी माणूस सहा तास एसटीत बसून आला होता.

बुवा काही बोलणार, तोच पायऱ्यांवरून एक गडी धापा टाकत वर आला. हातात स्टीलची वाटी.

"बुवा, इरजण हाय का?"

हा सोपान वाकचौरे. खालच्या पेठेत त्याची दह्यादुधाची डेअरी. मागच्या खेपांत पाहिलेलं असल्यानं निनादनं त्याला लगेच ओळखलं आणि त्याचं पित्त खवळलं. याच माणसानं चार वर्षांपूर्वी गावभर कंडी पिकवली होती की मठाचं दही खाऊ नका, त्यात केस निघतात. मठात येणारे लोक बुवांचं दही प्रसाद म्हणून फुकट घेऊन जात, ते याच्या धंद्याच्या आड येत होतं, एवढंच.

"फ्रिज बंद पडला," सोपान म्हणाला. "सगळ्या दह्याला तार सुटली. नवं लावायला चांगलं इरजण पायजे."

बुवा उठले. कोनाड्यातलं मडकं काढलं आणि त्यातलं अर्धं दही सोपानच्या वाटीत घातलं.

"सर!" निनादला राहवेना. "हा ते विकणार!"

"विकणारच की. डेअरी आहे त्याची."

"निदान मठाचं नाव तरी लावेल का पाटीवर?"

"नाव कशाला लावायचं बुवा?" सोपान गोंधळून म्हणाला. "दूध तर माझ्या म्हशीचं."

निनादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुवांनी मात्र सोपानपुढे बोट नाचवलं. "एक ध्यानात ठेव. तुझ्या दारात कोणी वाटी घेऊन आलं, तर त्याला रिकामं पाठवायचं नाही. पाठवलंस तर याच पायऱ्या उतरून येईन आणि भर पेठेत तुझी शोभा करीन."

"न्हाई पाठवणार."

सोपान वळला, पण गेला नाही. बुवा आता आपल्या दुधाला विरजण लावायला बसले होते. चमचाभर दही घेऊन ते पातेल्यात सोडणार, एवढ्यात तो म्हणाला, "बुवा, राग मानू नका. तुमचं दही आंबट होतं ते यानंच. लई घालता तुम्ही. नखाएवढं बास."

निनाद उभाच राहिला. मागायला आलेला माणूस, ज्याची बदनामी केली त्याच्याच दारात, तोंड वर करून त्यालाच शिकवतोय!

बुवा चमच्याकडे पाहत राहिले.

...

मग त्यांनी बोटानं चमच्यातलं बहुतेक दही परत मडक्यात निपटलं. उरलेलं नखाएवढं दुधात सोडलं.

"एवढं?"

"एवढं," सोपान म्हणाला, आणि वाटी सांभाळत पायऱ्या उतरून गेला.

"तुम्ही ऐकलंत त्याचं!" निनाद ओरडला. "त्याचं! वीस वर्षं दही लावताय तुम्ही!"

"वीस वर्षं आंबट लावतोय. तुला कोणी असं सांगत नाही का?"

"सांगत नाही कसं? त्याच कंपनीतल्या कोणा मुलीनं माझ्या कोडला दुरुस्ती पाठवली. कंपनीच्या पत्त्यावरून, उघड! अजून पाया घेतला नाही आणि माझ्या चुका काढायला निघाले. मी तशीच परत लावली. पत्ता पाहिला आणि नाकारली."

"केवढी दुरुस्ती?"

"तीन ओळी."

"चूक होती ती दुरुस्ती?"

निनाद खिशातला राजीनाम्याचा कागद चाचपू लागला.

"निनाद. चूक होती?"

"...बरोबर होती."

"मग चूक कोणाची?"

"माझी. अकरा वर्षांपूर्वीची." त्याचा आवाज खाली आला होता, पण ताठा अजून होता. "फार मोठी नाही सर. कागद लांब असला आणि मजकूर देवनागरीत असला, की शेवटची ओळ छापली जात नाही. क्वचित होतं."

"कोणाच्या कागदावर?"

"डोंगरातल्या एका दवाखान्यानं कळवलं होतं. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्यांवर... शेवटचं औषध येत नाही. ते हातानं लिहून देतात. मला ती चूक सापडत नव्हती."

"तिला सापडली."

"हो."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

बुवांचा चेहरा निनादनं असा कधी पाहिला नव्हता. त्यानं एकदा पेपर कोरा टाकला होता, तेव्हाही नाही.

"अकरा वर्षं नकळत," बुवा म्हणाले. "आणि तीन आठवडे जाणूनबुजून."

"पण सर, त्यांनी आपल्याला भिकारी म्हटलं!"

"म्हटलं. त्याचा मलाही राग आहे. समोर आला तर त्या साहेबाला मी चार शब्द सुनावीन. पण त्या दवाखान्यात औषधाला येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्यानं तुला काय म्हटलं होतं रे?"

...

निनादनं खिशातला राजीनाम्याचा कागद काढला, उघडला आणि पुन्हा मिटला. त्याला बुवांचा राग आला, सोपानचा आला, त्या कधी न पाहिलेल्या मुलीचाही आला. एकेक करून ते सगळे राग विझत गेले आणि शेवटी जो उरला तो कोणावर आहे, हे त्याला कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं मनगटानं पुसलं.

मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. मठात रेंज धड नव्हती. तो ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. एका हातावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात मोबाइल वर धरलेला. त्या मुलीचं नाव पूर्ण वाचायला त्याला तीन आठवडे लागले होते. त्यानं ते वाचलं. तीन ओळी पुन्हा तपासल्या. घेतल्या. खाली तिचं नाव लिहिलं आणि 'माझी चूक होती, उशीर झाला' एवढं कळवलं.

परत आला तेव्हा बुवा पातेल्यावर ताट ठेवत होते.

तो त्यांच्याशेजारी टेकला. मग एखाद्या लहान मुलासारखं त्यानं विचारलं,

"सर, ती कंपनी खरंच घेईल का हो आमचा मोकळा पाया?"

"ते मला काय ठाऊक?" बुवा म्हणाले. "तू मात्र आज घेतलास."