मडक्याला विचारणारी आवडाई

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून तरीवाल्याला हाका माराव्या लागायच्या, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा निवळखार हे बारा घरांचं गाव होतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खारं पाणी. बांध टिकला तर गाव वर्षभर जेवायचं आणि फुटला तर कंदमुळं उकरायला डोंगरात जायचं.

त्या गावात आवडाई राहायची. ती कुठली, कुणाची, हे आता कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं, तिचे वडील पलीकडच्या काठावर पंतोजी होते, आणि ते मुलग्यांना शिकवायचे तेव्हा ही दाराआड उभी राहून सगळं डोक्यात साठवायची. कुणी म्हणतं, तिला कुणीच शिकवलं नाही, मासळीचे वाटे घालता घालता ती आपली आपण शिकली. मला पहिलं खरं वाटतं, पण मला विचारतो कोण.

देवळामागे उंडीचं झाड होतं. त्याखाली ती गावातली सगळी पोरं जमवायची, मुलींनासुद्धा. पाटी नाही, पुस्तक नाही. झाडाखालच्या वाळलेल्या उंड्या गोळा करायच्या, गोट्यांसारख्या गोल असतात त्या, आणि जवळ एक सूप ठेवायचं. सुपाखाली ती गुपचूप काही उंड्या ठेवी आणि म्हणे, "आत पाहुणा बसलाय. पाहुणा आणि बाहेरच्या या तीन उंड्या मिळून तिकडे मांडलेल्या आठ उंड्यांइतक्या होतात. पाहुण्याचं नाव काय?"

पोरं बोटं मोडत बसायची. मग ती सांगायची, "अरे, नवखा माणूस घरी आला आणि भोवती गर्दी असली तर तो बोलेल का? आधी त्याला एकटा बसवा. या तीन जणांना उठवा. पण इकडचे तीन उठवले तर तिकडच्या आठातलेही तीन उठले पाहिजेत, नाहीतर भांडण होईल." पोरं तीन उंड्या इकडून उचलायची, तीन तिकडून, आणि ओरडायची, पाच. सूप उचललं की खाली पाचच असायच्या. मग कधी एकसारखे जुळे पाहुणे यायचे, दोघे जुळे आणि एक उंडी मिळून नऊ. आधी एकीला उठवा, मग उरलेलं जुळ्यांत सारखं वाटा. चार-चार. हसू नका, मोठमोठ्यांना घाम फोडणारं गणित आहे हे, आणि निवळखारची सहा-सात वर्षांची पोरं ते भात खाता खाता करायची.

एक गोष्ट मात्र ती पोरांकडून घोटून घ्यायची. जे ठाऊक नाही ते भूत नसतं, पाहुणा असतो. त्याला घाबरायचं नाही, त्याच्यासाठी जागा करायची आणि विचारायचं.

आता बांधाचं ऐका. दर वर्षी एका घरावर बांधाच्या राखणीचं काम यायचं. वर्षभर बांधावर फेरी घालायची, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, पाणी सोडायच्या मोरीचं दार सांभाळायचं. भारी कष्टाचं काम, आपणहून कोण घेणार? म्हणून वैशाखी पुनवेला देवळात मडकं आणायचे. बारा घरांच्या बारा खुणा कोरलेले करवंटीचे बारा तुकडे त्यात टाकायचे, मडकं हलवायचं, आणि गुरवाने डोळे मिटून एक काढायचा. ज्याची करवंटी निघेल त्याचं घर राखणीला. तुकडा पुन्हा मडक्यात जायचा, आणि मडकं पुढच्या वैशाखापर्यंत देवळाच्या माळ्यावर.

एका वर्षी गोमाची करवंटी निघाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा गोमाची. तिसऱ्या वर्षी राणू गुरवाने हात बाहेर काढला, करवंटी पाहिली, आणि उलटसुलट करून पुन्हा पाहिली. तीही गोमाचीच.

गोमा गरीब स्वभावाचा माणूस. बायको वेणू, मुलगी अंबू, आणि तिघं मिळून राबणारी. तिघांनी तिसऱ्या वर्षीही राखण केली. पण त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला असं काही उधाण आलं की बांधाला खांड पडली. भात पोटरीत आलेलं, आणि त्यात खारं पाणी शिरलं. गाव नुसतं बघत उभं राहिलं.

मग कुजबुज सुरू झाली. बारा घरांतून तीनदा एकच घर कसं येतं? मडकं उगाच बोट दाखवत नाही. खाडीला हे घर नको आहे. विसाजी खोताने गावकी बोलावली आणि ठरलं की कोजागिरीच्या उधाणाच्या आत गोमाने बायको-पोरीला घेऊन गाव सोडावं. गेला नाही तर घर वाळीत. ना कुणी विस्तव देणार, ना कुणी पाणी.

बाईमाणसाने गावकीत बोलायची तेव्हा रीत नव्हती. आवडाई बोलली.

"मडक्याला गोमा ठाऊक आहे, हे कशावरून?"

"तीनदा आलं ना त्याचंच नाव," खोत म्हणाला. "आजवर कुणाचं आलंय असं? माझ्या बापाच्या हयातीत नाही, आजाच्या नाही. आमच्या घराची करवंटी तर कधीच निघाली नाही. घराची पुण्याई असते, आवडाबाई. तुम्ही पोरं सांभाळा, गावकीत पडू नका."

"पोरंच सांभाळते आहे. अंबूही त्यांतलीच आहे," आवडाई म्हणाली. "मडक्याला काय कळतं ते मडक्यालाच विचारू. कोजागिरीपर्यंत मडकं माझ्या पोरांकडे द्या. राणू गुरवांना सोबत बसवा, म्हणजे मी लबाडी केली असं कुणी म्हणणार नाही."

खोताला वाटलं, बाई आठ दिवसांत थकेल. त्याने होकार दिला.

खरं सांगायचं तर आवडाईलाही धास्ती होती. तीनदा लागोपाठ कुणाचंही घर येऊ शकतं याची तिला खात्री होती, पण ते कोजागिरीच्या आत डोळ्यांना दिसेल याची नव्हती. करवंटी म्हणजे काही तिच्या घरचा गडी नव्हे, सांगितलं की यायला. पण घरी बसून तरी काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती पोरांना घेऊन झाडाखाली हजर झाली.

वाळूत बारा खळगे केले, एकेका घराचा एकेक. एकाने मडकं हलवायचं, दुसऱ्याने डोळे मिटून करवंटी काढायची, तिसऱ्याने खूण वाचून त्या घराच्या खळग्यात उंडी टाकायची. लागोपाठ तीच करवंटी आली तर सगळ्यांनी टाळी द्यायची. मग करवंटी आत, आणि पुन्हा हलवा.

"आवडाई, या लाडूच्या घराची आत्ताच आली. आता ती लवकर यायची नाही ना?" एका पोराने विचारलं.

"परत आत टाकलीस ना? मग ती होती तिथेच आहे, बाकीच्यांसारखीच. मागच्या खेपेला कोण आलं हे तुला आठवतं. मडक्याला कसं आठवेल? त्याला डोकं कुठे आहे?"

राणू गुरव देवळाच्या खांबाला टेकून बघत होता. त्याला हे सगळं पोरखेळ वाटत होतं, पण खोताने बसवलं म्हणून बसला होता. संध्याकाळी आवडाईने खळगे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. अकरा खळग्यांत उंड्या होत्या. गोमाच्या खळग्यात एकही नव्हती. तिने मडकं उपडं केलं. आत अकरा करवंट्या.

अंबू मान खाली घालून उभी होती. तिची मूठ घट्ट मिटलेली.

आवडाई तिच्यासमोर खाली बसली. रागावली नाही. "तुझ्या जागी मी असते तर मीही लपवली असती," ती म्हणाली. "पण हे उद्या कुणाला कळलं तर तुझ्या बाच्या बाजूने एक माणूस बोलणार नाही. आणि कुणाला कळलं नाही, तरी मला कळलंय." अंबूने मूठ उघडली आणि हुंदके देऊन रडली. आवडाईने तिला कुशीत घेतलं, रडू दिलं. मग उठून बाराही खळगे स्वतःच्या हाताने मोकळे केले. दिवसभराची मेहनत तिने वाळूत सांडून टाकली. पोरं हळहळली. ती म्हणाली, "उद्या पहिल्यापासून."

राणू गुरव हे बघत होता. त्या संध्याकाळी तो घरी जेवला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं ते ऐका. पोरांनी मडकं हलवलं ते हलवलंच. घरोघर नवरात्राचे घट बसलेले, आणि झाडाखाली मडक्याचा खळखळाट चालूच. हात दुखले की दुसरं पोर यायचं. नव्या मोजणीच्या पहिल्याच दिवशी दोनदा लागोपाठ तीच करवंटी इतक्यांदा आली की टाळ्या देऊन पोरांचे तळवे लाल झाले. पण तीनदा येईना. तीन दिवस गेले, येईना. लोक येता जाता हसायचे. आवडाई रोज सकाळी तितक्याच ताठ मानेने मडकं पुढे ठेवायची आणि म्हणायची, "गावाने वर्षातून एकदाच हात घातला. माणसाच्या जन्मात असे हात पडणार किती? आपल्याला हजार वैशाख काढायचेत. हलवा."

करवंट्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या, खुणा पुसट झाल्या आणि पुन्हा कोराव्या लागल्या, असं म्हणतात. भरतीचं पाणी वर यायचं आणि झाडापाशी थबकून ऐकायचं, असंही म्हणतात. बगळे मासे धरायचे विसरले होते, म्हणे.

आणि मग आली. तीनदा लागोपाठ, म्हाताऱ्या भागूची. भागू म्हणजे साऱ्या गावाच्या बाळंतिणींना न्हाऊ घालणारी, मुंगीलासुद्धा न दुखावणारी. पोरं टाळी द्यायचीच विसरली. पुढे दोन दिवसांनी पुन्हा तीनदा, या खेपेला खुद्द राणू गुरवाची. गुरवाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

कोजागिरीच्या सकाळी गावकी झाडाखालीच भरली. गोमाने सामान बांधून ठेवलं होतं. वेणू दारात बसून होती. बाराही खळगे उंड्यांनी भरलेले, थोडे कमी, थोडे जास्त, पण रिकामा एकही नाही. गोमाचा खळगा ना सगळ्यांत मोठा ना सगळ्यांत लहान. खोताच्या खळग्यातही बाकीच्यांइतक्याच उंड्या.

राणू गुरव उठून म्हणाला, "पहिल्या दिवशी हिच्याकडच्या एका पोरीने चूक केली, तर हिने सगळा दिवस टाकून दिला. मी साक्षी आहे. पुढचं सगळं खरं आहे. माझंच घर तीनदा आलं. मग मला कधी घालवताय?"

पण खोत बधला नाही. "पोरांच्या हाताने काय होतं? मी काढतो." त्याने मडकं हलवलं, डोळे मिटले, करवंटी काढली. त्याची स्वतःची. बापजाद्यांत कधी न निघालेली. लोक एकमेकांकडे बघू लागले. त्याने ती आत टाकली, दुप्पट जोराने मडकं हलवलं, आणि काढली. पुन्हा त्याचीच.

तिसऱ्यांदा खोताचा हात मडक्याच्या तोंडापाशी गेला आणि थांबला. बायको-मुलं समोर बसली होती. हात काही आत जाईना.

आवडाई त्याच्याजवळ गेली. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या घटकेला तिला त्याची कीवच आली. ती हळू म्हणाली, "काढा, विसाजीराव. तिसरीही तुमचीच आली, तरी मी तुमच्या बाजूने उभी राहीन. हे मडकं तुम्हाला ओळखत नाही. गोमालाही ओळखत नाही."

तिसरी कुणाची निघाली? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो. काही म्हणतात खोताचीच. काही म्हणतात त्याने हात घातलाच नाही. पण पुढचं सगळे एकसारखंच सांगतात. खोत उठला, गोमाच्या दारात गेला, आणि बांधलेलं गाठोडं स्वतःच्या हाताने सोडलं. "चल बांधावर," तो म्हणाला. "पाणी वाढतंय." त्या दिवशी पहिल्यांदा बाराही घरं बांधावर उतरली. बायका, पोरं, म्हातारी भागूसुद्धा खांडीत घालायला टोपलीभर माती घेऊन. कोजागिरीचं उधाण बांधाच्या माथ्यापर्यंत आलं आणि माघारी गेलं.

आवडाई पुढे बरीच वर्षं जगली. तिच्याकडे शिकलेली पोरं खाडीपार गेली, कुणी गलबतावर तांडेल झाली, कुणी दुसऱ्या गावात जाऊन उंड्या मांडून बसली. ती गेली त्या वर्षी उंडीला फळ धरलं नाही, असं म्हणतात.

आता बांध सिमेंटचा आहे, राखणीला सरकारी माणूस आहे. पण वैशाखी पुनवेला निवळखारची पोरं आजही आवडाईच्या नावाने मडकं घेऊन बसतात. हलवतात, काढतात, परत टाकतात, आणि एखाद्या घराची करवंटी लागोपाठ दोनदा आली की टाळ्या देत गावभर सांगत सुटतात. मग त्या दुपारी सगळं गाव त्या घरी जेवायला जातं. प्रत्येकाने आपल्या घरचं काही न्यायचं, अंगणात पंगत बसवायची, आणि त्या घरच्यांना मधे बसवून आधी त्यांना वाढायचं. नव्याने लग्न होऊन आलेली एखादी सून डबा बांधता बांधता विचारते, "पण यांच्याच घरी का? यांनी काय केलंय?"

"काही नाही गं," सासू म्हणते. "चल लवकर, पानं मांडायचीत."